ऑन्टारिओतले स्नोमोबाइल क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की ओळखीतल्या मराठी घरांमधून फोन यायला लागतात. कुणाचा मुलगा नुकताच शिकायला आलेला असतो, कुणी नोकरीसाठी उत्तरेकडच्या गावात राहायला गेलेलं असतं, कुणाकडे भारतातून पाहुणे येणार असतात आणि त्यांना ‘बर्फावरची ती गाडी’ चालवायची असते. मी गेली अकरा वर्षं कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एका लहानशा गावच्या स्नोमोबाइल क्लबची सभासद आहे. तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. नियम सांगितलेत ते ऑन्टारिओचे आहेत. क्वेबेकला किंवा सीमेपलीकडे अमेरिकेत जाणार असाल तर तिथले नियम आधी बघा, ते वेगळे आहेत.

स्नोमोबाइल म्हणजे गुलमर्गला आपण बसतो तीच गाडी का?

तीच. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा आणि पुढच्या झाकणाखाली इंजिन. हँडल वळवलं की स्की वळतात. उजव्या अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा, डाव्या हाताला ब्रेक. गिअर बदलायचे नसतात, आपल्या अ‍ॅक्टिव्हासारखं बेल्टवर चालतं. वजन मात्र दोनशे ते तीनशे किलो, त्यामुळे मऊ बर्फात रुतली की एकट्याला निघत नाही. इथले लोक तिला ‘स्लेड’ म्हणतात, आपल्याकडे सैन्यात ‘स्नो स्कूटर’ म्हणतात.

गुलमर्गला पैसे भरून फेरी मारायची, सोबत तिथला माणूस असतो, आणि फेरी संपली की उतरायचं. इथे गाडी घरची असते. सकाळी आपल्या गावातून निघायचं, जंगल, शेतं, गोठलेली तळी ओलांडून ऐंशी किलोमीटरवरच्या गावात जेवायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. मधला हा सगळा रस्ता सरकारने बांधलेला नाही. तो क्लबांनी बांधलाय.

क्लब म्हणजे जिमखान्यासारखं काही असतं का? इमारत, कँटीन वगैरे?

काहींकडे एक साधं क्लबहाउस असतं, चूल, बाकं, कॉफीचं भांडं. बऱ्याच जणांकडे तेही नसतं, फक्त अवजारं ठेवायची शेड असते. मनात जिमखाना आणूच नका. आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्था डोळ्यांपुढे आणा. गडावरची पाण्याची टाकी उपसणारे, वाटेवर बाण रंगवणारे, कुणी हरवलं की रात्री टॉर्च घेऊन निघणारे लोक. मी साताऱ्याची, कॉलेजात असताना रविवारी घमेली घेऊन गडावर गेलेली. इथल्या क्लबच्या पहिल्या कामाच्या दिवशी माझ्या हातात करवत दिली गेली, तेव्हा मला ओळखीच्या ठिकाणी आल्यासारखं वाटलं. हे निखळ श्रमदान आहे. अध्यक्ष, खजिनदार, ट्रेलची, म्हणजे बर्फातल्या या वाटेची, जबाबदारी घेणारा, सगळे निवडून येतात आणि कुणालाही पगार नसतो.

ऑन्टारिओत असे दोनशेच्या आसपास क्लब आहेत. त्यांचा महासंघ म्हणजे ‘ऑन्टारिओ फेडरेशन ऑफ स्नोमोबाइल क्लब्ज’, सगळे नुसतं ओएफएससी म्हणतात. सगळ्या क्लबांचे ट्रेल मिळून सुमारे ३०,००० किलोमीटर भरतात. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तसे जवळपास त्रेचाळीस रस्ते एकापुढे एक जोडा, आणि ते दरवर्षी नव्याने उभे करून वसंतात परत आवरून ठेवायचे, असं धरा. लांब पल्ल्याच्या मुख्य मार्गांना ए, बी, सी अशी अक्षरं आहेत, स्थानिक ट्रेलना आकडे. एका क्लबची हद्द संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते, चालवणाऱ्याला ते कळतही नाही.

हे ट्रेल कुणाच्या जमिनीवरून जातात?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फार कमी लोक विचारतात.

उत्तरेकडे बरीचशी सरकारी जमीन आहे, काही ठिकाणी रूळ उखडलेले जुने रेल्वेमार्ग आहेत, विजेच्या तारांखालचे पट्टे आहेत. पण दक्षिण आणि मध्य ऑन्टारिओत ट्रेल शेतकऱ्यांच्या जमिनीतून जातात. शेजारच्या अमेरिकेत व्हरमाँट राज्यात तर ट्रेलजाळ्याचा सुमारे ८० टक्के भाग खाजगी जमिनीवर आहे. शेतकऱ्याच्या जमिनीचं भाडं क्लब देत नाही. शेतकरी एका कागदावर सही करून परवानगी देतो, ती तो कधीही मागे घेऊ शकतो. क्लब त्याला विम्याचं संरक्षण देतो, फाटकं दुरुस्त करतो, पाट्या लावतो आणि हिवाळा संपला की सगळं काढून नेतो. बाकी सारं शब्दावर चालतं.

तो शब्द कसा मोडतो, तेही मी पाहिलंय. आमच्या एका ट्रेलची वाट एका शेताच्या कडेकडेने जायची. शेतात हिवाळी गहू होता. हा गहू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, तो बोटभर उगवतो आणि बर्फाखाली झोपून राहतो. वरचा भुसभुशीत बर्फ त्याची गोधडी असते. एका रविवारी चार जण खुणेच्या काठ्या सोडून शेताच्या मधोमध गेले, कुणी गंमत म्हणून वेटोळीही मारली. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याचा फोन आला. आम्ही दोघं-तिघं गेलो. तो ओरडला नाही. खाली बसून त्याने हातमोज्याने बर्फ बाजूला केला आणि दाखवलं: पट्ट्याखाली दबून बर्फाचा काचेसारखा थर झाला होता, आणि त्या काचेत गव्हाची हिरवी पाती अडकली होती. असा थर बसला की रोपाला हवा मिळत नाही, बर्फही बाकीच्या शेताच्या मागाहून वितळतो. मे महिन्यात त्या वेटोळ्यांच्या जागी पिवळे पट्टे दिसत होते.

त्याने परवानगी काढून घेतली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. एक शेत गेल्यामुळे दोन गावांमधला दुवा तुटला. वळसा घालायला नव्या तीन शेतकऱ्यांकडे जावं लागलं, ओढ्यावर एक लाकडी पूल बांधावा लागला आणि त्यात दोन उन्हाळे गेले. चार जणांची दहा मिनिटं होती ती. त्यामुळे मी नव्या माणसाला आधी हेच सांगते: काठ्यांच्या आत राहा. हेल्मेटचं नंतर सांगते.

परमिट कशासाठी घ्यायचं? बर्फ तर फुकट आहे.

बर्फ फुकट आहे, वाट नाही. क्लबच्या ट्रेलवर गाडी न्यायची तर परमिट लागतं, आणि ऑन्टारिओत हा कायदाच आहे. परमिट माणसाचं नसतं, गाडीचं असतं. स्टिकर पुढच्या काचेवर लावायचा. पूर्ण मोसमाचं मिळतं, काही दिवसांचंही मिळतं. मोसम सुरू व्हायच्या बरंच आधी घेतलं तर स्वस्त पडतं. विकत घेताना कोणत्या क्लबसाठी घेताय ते निवडायचं असतं. ज्यांच्या ट्रेलवर तुम्ही सगळ्यात जास्त फिरणार, तो क्लब निवडा. लोक यादीतलं पहिलं नाव टिचकी मारून मोकळे होतात, तसं करू नका.

पैसा जातो कुठे? डिझेल, ग्रूमर (वाट सपाट करणारं यंत्र), पूल, पाट्या आणि विमा. परमिटचे पैसे हा क्लबांचा मुख्य आधार आहे. ज्या हिवाळ्यात बर्फ उशिरा पडतो त्या वर्षी लोक परमिट घ्यायला थांबतात, आणि खर्च तर ऑक्टोबरपासून सुरू झालेला असतो.

त्या ट्रेलवर पायी किंवा स्की घेऊन गेलं तर चालेल का?

खाजगी जमिनीवर नाही. शेतकऱ्याने परवानगी दिलेली असते ती क्लबला, परमिट असलेल्या स्नोमोबाइलसाठी. हिवाळ्यातली ट्रेल सपाट आणि सुंदर दिसते, कुत्रा घेऊन फिरायचा मोह होतो, हे मला कळतं. पण वळणावरून ताशी ५० किलोमीटरने कुणी आलं तर दोघांचंही मरण. काही सरकारी जमिनींवर आणि जुन्या रेल्वेमार्गांवर सर्वांना मुभा असते, तिथे तशी पाटी असते.

ग्रूमिंग म्हणजे काय? रात्रीच का करतात?

गाड्या जाऊन जाऊन ट्रेलवर उंचवटे तयार होतात. प्रत्येक जण थ्रॉटल दाबतो तेव्हा पट्टा थोडा बर्फ मागे फेकतो, पुढच्याची गाडी त्याच ठिकाणी उसळते, आणि शनिवार संपेपर्यंत वाट घाटातल्या उखडलेल्या रस्त्यासारखी होते. कंबर मोडते अक्षरशः. ग्रूमर म्हणजे पट्ट्यांवर चालणारा मोठा ट्रॅक्टर, मागे त्याने ओढायचा लांबलचक लोखंडी सांगाडा. सांगाड्याला तिरपी पाती असतात, ती उंचवटे खरवडतात, बर्फ घोळवतात आणि सगळ्यात शेवटचा रुंद पत्रा तो दाबून सपाट करत जातो. नवा संच घ्यायचा तर काही लाख डॉलर मोजावे लागतात.

दाबलेला बर्फ लगेच टणक होत नाही. त्याचे कण एकमेकांना धरायला काही तास आणि कडक थंडी लागते. दिवसा ऊन असतं आणि वर्दळ असते, म्हणून ग्रूमर रात्री निघतो.

एकदा मी रात्रभर त्या केबिनमध्ये बसले होते. बाहेर उणे २४. आत हीटर, डिझेलचा वास आणि थर्मासमधला आल्याचा चहा. चालक साठीचा, दिवसा लाकडाच्या वखारीत काम करणारा. वेग ताशी बारा किलोमीटर. बर्फाने वाकलेल्या देवदारासारख्या झाडांच्या फांद्या दिव्यांच्या उजेडात येत, काचेला घासत आणि वरचा बर्फ आमच्यावर ओतून सरळ उभ्या राहत. दर दहा मिनिटांनी तो मान मागे वळवून पत्र्याखालून काय निघतंय ते बघायचा. पात्यांची उंची एक लिव्हर हलवून केसभर बदलायचा. मला काहीच फरक दिसत नव्हता. त्याला दिसत होता. पहाटे पाचला आम्ही परत फिरलो तेव्हा आमच्या मागे लाटलेल्या पोळीसारखी वाट पडली होती, आणि तिच्यावर फक्त एका सशाची पावलं होती. काही क्लबांमध्ये या चालकांना पैसे मिळतात, पण पैशासाठी कुणी ही झोप मोडत नाही.

समोरून ग्रूमर आला, दिवा लुकलुकताना दिसला, की कडेला थांबा आणि त्याला जाऊ द्या. त्याच्या मागे लगेच सुसाट निघू नका, ओलं सारवण पायाने तुडवल्यासारखं होतं ते.

गुडघाभर बर्फ पडलाय, तरी ट्रेल बंद कशी?

कारण खालची जमीन गोठलेली नाही. ट्रेलचा बराच भाग दलदलीतून आणि पाणथळ जागांमधून जातो. जमीन गोठायच्या आधीच जाड बर्फ पडला तर तो पांघरुणासारखा बसतो आणि थंडी खाली जाऊच देत नाही. वरून पांढरंशुभ्र, खाली चिखल. टनावारी वजनाचा ग्रूमर अशा ठिकाणी गेला तर तिथेच बसतो.

यावर क्लबांची एक जुनी युक्ती आहे. हलक्या गाड्या घेऊन स्वयंसेवक तो पहिला बर्फ तुडवत जातात. तुडवला की त्यातली हवा निघते, पांघरूण पातळ होतं आणि गारठा जमिनीत उतरतो. दोन-तीन कडक रात्री मिळाल्या की दलदल दगडासारखी होते. डिसेंबरमध्ये आमचे शनिवार यातच जातात.

ट्रेल उघडी आहे का, हे ओएफएससीच्या ऑनलाइन नकाशावर बघायचं. हिरवी म्हणजे उघडी, पिवळी म्हणजे मर्यादित, जपून जा, लाल म्हणजे बंद. लाल ट्रेलवर जाणं म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घुसणंच आहे. ‘कालच तर गेलो होतो’ हे कारण चालत नाही.

गोठलेल्या तळ्यावरून गाडी नेणं सुरक्षित आहे का?

पूर्ण सुरक्षित बर्फ नावाची गोष्ट नाही. कॅनडातला रेडक्रॉस स्नोमोबाइलसाठी किमान २५ सेंटिमीटर जाडी सांगतो, तीही स्वच्छ, निळसर, घट्ट बर्फाची. पांढरा, दुधी बर्फ त्याच्या निम्म्यानेच मजबूत असतो. ओढा तळ्याला मिळतो ती जागा, दोन बेटांमधली चिंचोळी पट्टी, धक्क्यांच्या आसपासचा भाग, तिथे खाली पाणी वाहतं राहतं आणि बर्फ पातळ राहतो. शेजारी शेजारी, एका ठिकाणी चाळीस सेंटिमीटर आणि दहा पावलांवर आठ, असं मी स्वतः भोक पाडून मोजलंय.

क्लब तळ्यावर ठरलेल्या मार्गाने काठ्या रोवतात. मार्ग ठरवताना ठिकठिकाणी भोकं पाडून जाडी बघितली जाते. तरीही काठ्या फक्त वाट दाखवतात, हमी देत नाहीत. स्थानिक माणूस नको म्हणाला तर मागे फिरा.

पाण्यात पडलात तर १-१०-१ लक्षात ठेवा. मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी थंड पाण्यातल्या शरीराचा अभ्यास करून हे सूत्र लोकांपर्यंत नेलं. पहिलं १ मिनिट नुसता श्वास ताब्यात आणायचा, कारण धाप लागून पाणी नाकातोंडात जातं. पुढची सुमारे १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, तेवढ्यात बाहेर यायचं. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो, म्हणजे लगेच मरतो असं मानून हात सोडायचे नाहीत. ज्या दिशेने आलात त्याच दिशेला तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. गळ्यात अडकवायचे बर्फाचे टोचे मिळतात, ते रोवा, पाय जोराने झाडा, पोटावर सरकत वर या आणि उभं न राहता लोळत दूर जा. टोचे काही डॉलरना मिळतात. माझ्या गळ्यात ते मंगळसूत्रासारखे कायम असतात.

लायसन्स, वय, विमा यांचं काय?

ट्रेलवर चालवायला किमान १२ वर्षं पूर्ण हवीत, आणि सोबत ऑन्टारिओचं गाडीचं लायसन्स किंवा स्नोमोबाइलचा वेगळा परवाना. तो परवाना प्रशिक्षण घेऊन मिळतो, आणि हे वर्ग बहुतेक वेळा क्लबचेच लोक घेतात. रस्ता ओलांडायचा किंवा जिथे मुभा आहे तिथे रस्त्याकडेने चालवायची तर वय १६ लागतं. गाडीची नोंदणी आणि विमा हवा. हेल्मेट सक्तीचं, मागे बसणाऱ्यालाही आणि मागे ओढलेल्या घसरगाडीवर बसलेल्यालाही.

पाहुण्यांसाठी: भाड्याने देणाऱ्यांच्या वयाच्या आणि लायसन्सच्या स्वतःच्या अटी असतात, तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या.

वेगाची मर्यादा आहे का? ट्रेलवर पोलीस असतात?

ट्रेलवर ताशी ५० किलोमीटर. गाड्या याच्या दुप्पट-तिप्पट पळू शकतात, अडचण तीच आहे. ऑन्टारिओ प्रांतिक पोलीस स्वतः स्नोमोबाइलवर फिरतात. त्यांच्या जोडीला प्रशिक्षण घेतलेले, अधिकार दिलेले स्वयंसेवक अधिकारी असतात, आणि क्लबचे साधे गस्तवाले परमिट तपासतात. दारूचे कायदे मोटारगाडीचेच. मोटारीचं लायसन्स निलंबित असेल तर स्नोमोबाइललाही हात लावायचा नाही.

मित्रांबरोबर ग्रुपने जायचंय. काही पद्धत असते का?

आपल्या ट्रेकसारखीच. पुढे वाट माहीत असलेला लीड, शेवटी अनुभवी बॅकलीड, नवशिके लीडच्या लगेच मागे. फाट्यावर प्रत्येकाने मागचा दिसेपर्यंत थांबायचं, या एका सवयीने कुणी चुकत नाही. हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत: थांबा, वळतोय, समोरून गाडी येतेय. समोरच्या ग्रुपला मागे किती जण आहेत हे बोटांनी दाखवायची आणि शेवटच्याने मूठ दाखवायची रीतही जुनी आहे. पण वळणावर असाल तर खुणा राहू द्या, दोन्ही हात हँडलवर हवेत. थांबायचं झालं तर सरळ पट्ट्यावर, उजवीकडे, एकामागे एक. उताराच्या खाली किंवा वळणापलीकडे घोळका करून फोटो काढू नका.

अंधारात वेग आणखी कमी करा. दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे.

हे क्लब सुरू कसे झाले?

त्याआधी गाडी कशी आली, ते दोन वाक्यांत मावत नाही. क्वेबेकमधल्या व्हालकूर गावचा जोझेफ-आर्मांड बोम्बार्डिए याने १९२२ मध्ये, पंधराव्या वर्षी, जुन्या फोर्डचं इंजिन आणि लाकडी पंखा जोडून बर्फावर चालणारी पहिली गाडी केली. त्या काळी कॅनडातल्या खेड्यांचे रस्ते हिवाळाभर बर्फाखाली असायचे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा इव्हाँ आंत्रपुच्छाच्या दुखण्याने गेला. रस्ते बंद होते, दवाखान्यात नेता आलं नाही. तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याची सात माणसं बसतील अशी पट्ट्यांवरची बर्फगाडी आली, ती डॉक्टरांनी आणि टपालखात्याने वापरली. पुढे हलकी इंजिनं मिळाली तेव्हा १९५९ मध्ये एक-दोघांची ‘स्की-डू’ आली. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या कार्ल एलियासनने १९२४ मध्येच मोटर बसवलेली घसरगाडी केली होती, आणि मिनेसोटातल्या रोझो गावात १९५० च्या दशकात पोलारिस कंपनीची स्लेड तयार झाली. मला यात एक गोष्ट नेहमी जाणवते: ज्या वस्तूला आज आपण निव्वळ करमणूक म्हणतो, ती अडकून पडलेल्या माणसांनी सुटकेसाठी केली होती.

साठच्या दशकात या गाड्या झपाट्याने खपल्या. १९७० च्या आसपास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळपास पाच लाख विकल्या जात होत्या. वाटा मात्र नव्हत्याच. लोक वाटेल त्या शेतात घुसायचे, कुंपणं तुटायची, जनावरं बिथरायची. गावोगावी बंदीची मागणी झाली. तेव्हा चालवणाऱ्यांतलेच शहाणे लोक शेतकऱ्यांच्या दारी गेले आणि म्हणाले, एक वाट द्या, बाकी शेत आम्ही सांभाळतो. तिथून क्लब उभे राहिले. व्हरमाँटची संघटना १९६७ ची, अमेरिकेतल्याच मेन राज्याची १९६८ ची, क्वेबेकचा महासंघ १९७४ चा. ऑन्टारिओतही साठ-सत्तरच्या दशकातच हे घडलं.

आवाज, धूर, वन्यप्राणी यांचं काय? हे पर्यावरणाला बरं आहे का?

त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या इंधनाचा मोठा हिस्सा न जळताच बाहेर टाकायच्या, मागे बसलेल्याच्या कपड्यांना घरी येईपर्यंत वास असायचा. अमेरिकेत २००६ पासूनच्या गाड्यांना उत्सर्जनाची मर्यादा लागू झाली, फोर-स्ट्रोक इंजिनं आली, आता विजेवरच्या गाड्याही आहेत. आवाजावर तर सत्तरच्या दशकापासून मर्यादा आहे, पण काही जण कारखान्यातला सायलेन्सर काढून कर्कश नळी बसवतात. शेतकऱ्यांनी परवानगी काढून घ्यायचं हे एक नेहमीचं कारण आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

वन्यप्राण्यांचा प्रश्न जागेवर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्नोमोबाइलवरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले, शेवटी २०१३ च्या नियमांनी संख्या, तंत्रज्ञान आणि मार्गदर्शक यांची बंधनं घातली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरी कॅरिबूंच्या (हरणाच्या कुळातला प्राणी) अधिवासाचे मोठे भाग स्नोमोबाइलला बंद आहेत, आणि ते बंदच असावेत. थकलेल्या प्राण्याला हिवाळ्यात पळायला लावणं म्हणजे त्याची साठवलेली चरबी जाळणं. आमच्याकडे हरणांचे कळप जिथे हिवाळा काढतात तिथून ट्रेल वळवल्या आहेत. ठरलेली एकच वाट असली की प्राणीही तिची सवय करून घेतात, त्रास होतो तो कुठूनही उगवणाऱ्या गाड्यांचा.

गावाला याचा काय फायदा?

उत्तरेकडच्या कितीतरी गावांत उन्हाळ्याचे पर्यटक सप्टेंबरला जातात आणि मोटेलच्या खोल्या रिकाम्या होतात. जानेवारीत ट्रेल उघडली की पेट्रोल पंपावर स्लेडची रांग लागते, खानावळीत ओले हातमोजे हीटरवर वाळत पडतात. ट्रेल आपल्या गावावरून जावी म्हणून दुकानदार क्लबच्या सभेला येऊन बसतात.

आणि माणसं भेटतात, हे मला जास्त मोलाचं वाटतं. इथला हिवाळा लांब असतो. चार वाजता अंधार पडायला लागतो, शेजारी एप्रिलपर्यंत दिसत नाही. फेब्रुवारीत आमची ‘पोकर रन’ असते: ट्रेलवर पाच थांबे, प्रत्येक थांब्यावर एक पत्ता उचलायचा, शेवटी ज्याचा डाव सर्वांत चांगला तो जिंकतो, जमलेले पैसे ट्रेलला. शर्यत नसते ती, सत्तरीच्या आजीही येतात. अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या ईस्टर सील्सकरिता ‘स्नोअरामा’ नावाच्या निधीफेऱ्या सत्तरच्या दशकापासून चालू आहेत. एका वर्षी मी थांब्यावर गरम मटकीची उसळ ठेवली होती. दुसऱ्या वर्षी तिची आधीच चौकशी झाली.

खर्च किती येतो?

नवी गाडी पंधरा-वीस हजार कॅनेडियन डॉलरच्या घरात, भारी मॉडेल त्याच्याही वर. जुनी चांगली काही हजारांत मिळते. शिवाय ओढायचा ट्रेलर, विमा, परमिट, कपडे. पहिला हिवाळा भाड्याच्या गाडीवर काढा आणि मग ठरवा. जुनी घेताना क्लबमधल्या कुणाला सोबत न्या, पट्टा आणि बेल्ट बघायला जाणता डोळा लागतो.

कपडे काय घालायचे?

अंगालगत सुती काहीही नको. घाम धरून ठेवतं आणि थांबलात की हुडहुडी भरते. आत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारा सूट. पाण्यात तरंगवणारे सूटही मिळतात, तळी ओलांडणार असाल तर तेच घ्या. लांब मफलर नको, तो यंत्रात अडकतो. सुटा हातमोज्यांचा एक जोड कोरडा ठेवा.

हिवाळे आखूड होत चाललेत. पुढे काय?

दक्षिणेकडच्या क्लबांना झळ लागलीच आहे. एखाद्या वर्षी ट्रेल मोजके दिवस उघडते, एखाद्या वर्षी काही भाग उघडतच नाही. क्लब आता तळ्यांवरचे मार्ग कमी करून जमिनीवरून वाटा काढतायत, पूल वाढवतायत, म्हणजे तळं गोठायची वाट बघावी लागत नाही. पण जमिनीवरची वाट म्हणजे पुन्हा नवा शेतकरी, नवी सही.

माझ्याकडे स्लेड नाही, घ्यायचा विचारही नाही. तरी क्लबमध्ये येता येईल का?

या. आमच्यातले काही जण आता चालवत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत, पण कामाला येतात. खरं काम बर्फ पडायच्या आधी असतं. ऑक्टोबरात वादळाने पडलेली झाडं कापायची, पुलांच्या फळ्या बघायच्या, वाढलेल्या फांद्या छाटायच्या, पाट्या ठोकायच्या. मार्चअखेर बर्फ उतरला की काठ्या आणि पाट्या गोळा करायच्या, फाटकं बंद करायची. मग शेतकऱ्यांसाठी जेवण असतं, त्या दिवशी क्लबचे लोक वाढतात आणि शेतकरी बसून जेवतात. पुढच्या मोसमाच्या सह्या तिथेच होतात.

कामाच्या शनिवारी सकाळी आठला जमतात. करवत आणि हातोडा क्लब देतो. बूट पाणी न शिरणारे घाला आणि डबा आणा.